तीस जिवंत बास

१

माशाच्या पोटातलं खाणं बाहेर काढायला आयला कोस्कीला दीड मिनिट पुरायचं. मऊ नळी घशातून आत सरकवायची, हातपंप दोनदा दाबायचा आणि माशाचं तोंड खाली करून चाळणीवर धरायचं. पाण्याबरोबर सगळं भसकन बाहेर पडायचं. अर्धे विरघळलेले झिंगे, डोळे तेवढे शाबूत राहिलेली पिल्लं, कधी एखाद्या बेडकाचा पाय. ते बोटाने चाळायचं, मोजायचं, वहीत टिपायचं आणि मासा परत पाण्यात सोडायचा. मासा मरत नाही, नुसता उपाशी होतो. ओरेगॉनच्या विद्यापीठात तिने चार वर्षं हेच केलं होतं. बरोबरीची मुलं नाक दाबून बाजूला व्हायची, तेव्हा ही एका हाताने चाळणी हलवत दुसऱ्या हाताने सँडविच खायची. किळस ही न बघणाऱ्यांची गोष्ट आहे, असं ती त्यांना ऐकवायची. नीट बघितलं की किळस उरत नाही.

मंगळवारी सकाळी तिला अकरावा बास मासा मिळाला. वडिलांच्या सहा केबिन होत्या, त्यातल्या शेवटच्या केबिनसमोर जो लाकडी धक्का होता, त्याच्या अगदी खाली, खांबाला चिकटून.

व्हेटस्टोन तलावात आता बास उरलेच नाहीत, मस्कींनी सगळे गिळले, असं अख्खा किनारा छातीठोकपणे सांगत होता. मस्की म्हणजे माणसाच्या पायाएवढा लांब, बदकासारख्या चपट्या तोंडाचा, दातांनी भरलेला मासा. बारा वर्षांपूर्वी तो या तलावात सोडला गेला. आयलाचं म्हणणं होतं की बास आहेत, फक्त त्यांनी जागा बदलली आहे. मोठा मासा फिरत असेल तिथे बास उघड्यावर थांबत नाही. तो धक्क्यांखाली, पडलेल्या झाडांच्या फांद्यांत, दाट पाणवेलींच्या पोटात, वीतभर पाण्यात जाऊन बसतो. पण इथली माणसं आजोबांनी दाखवलेल्या खुणांवरच गळ टाकत राहिली, आणि गळ रिकामा आला की मस्कीला शिव्या घालत राहिली.

तिने नळी सरकवली, पंप दाबला. चाळणीत पडलं ते बघून तिने चाळणी उजेडात धरली.

मुंग्या. पाइनच्या सुया. गांडुळाचे तुकडे, झाडाच्या सालीवरच्या शेवाळाचा एक बोळा, आणि घडी घालून ठेवावं तसं दुमडलेलं, केस गळालेलं चिचुंद्रीचं पिल्लू. पाण्यातला एकही जीव नव्हता. सगळं जमिनीवरचं.

‘पावसाने किनाऱ्यावरचं वाहून आलं असेल,’ असं तिने वहीत लिहिलं आणि मग आठवलं, तीन आठवडे पाऊस नाही. ती ओळ तिने तशीच ठेवली.

मासा सोडताना मात्र तिचा हात थबकला. बोटं घसरत नव्हती. जिवंत माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तोच त्याचा कपडा. या माशाला तो नव्हता. तिने अंगठा खवल्यांवरून फिरवला. घासून धुतलेल्या ताटावरून बोट फिरवल्यावर होतो तसा कच्च असा आवाज झाला.

मासा पाण्यातून नुकताच आलेला होता, ओला होता आणि तरी लख्ख होता. कुणीतरी चाटूनपुसून ठेवल्यासारखा. तिने हात पँटला पुसला, मग पुन्हा पुसला. पुसण्यासारखं हातावर काहीच नव्हतं.

२

ऑर्व्हिल ब्रुगमन हे तलाव मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त दंतवैद्य आणि शेजारी. ते रोज सकाळी कोस्कींच्या ओसरीवर कॉफी प्यायचे आणि आयलाचे वडील रेमंड यांच्याशी एक शब्दही बोलायचे नाहीत. मस्की सोडायच्या कागदावर किनाऱ्यातर्फे सही केली होती ती रेमंडनी. बारा वर्षं ऑर्व्हिल त्यांच्यासमोर बसत आले होते आणि बारा वर्षं जे काही बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. आधी आयलाच्या आईच्या. ती गेल्यावर टपालवाल्याच्या. आता आयला परत आली होती.

“काय गं प्राध्यापकीणबाई, किती झाले?”

“अकरा.”

“अकरा! चार दिवसांत! आमच्या बापाच्या वेळी एवढे मी न्याहारीआधी काढायचो. मधल्या खडकावर नाव उभी केली की झालं.”

“काका, तुम्ही अजूनही मधल्या खडकावरच नाव उभी करता. बास तिथून कधीच उठून गेले. वडिलांची जागा तुम्हाला सोडवत नाही, त्याला मस्की काय करणार?”

“उठून गेले म्हणे. जसं काही भाडेकरू आहेत.”

“घरात अस्वल शिरलं तर तुम्ही बैठकीत बसाल की पलंगाखाली?”

“पलंगाखाली,” ऑर्व्हिल कॉफीचा घोट घेत म्हणाले. “पण पोरी, भूक लागल्यावर बाहेर येईन की नाही? चार दिवसांत येईन, आठ दिवसांत येईन. तुझे बास कधी येणार? तुझ्या बापाला विचार जरा.”

रेमंड हातभर अंतरावर बसून पावाला लोणी लावत होते. “त्यांना सांग,” ते म्हणाले, “कॉफी संपली असेल तर किटलीत अजून आहे.”

“त्याला सांग, पुरे.”

शनिवारी दुपारी मंडळाची सभा होती. सगळ्या मस्की जाळ्याने काढून टाकाव्यात असा अर्ज सरकारकडे जायचा होता, आणि तोवर जो कुणी मस्की धरेल त्याने ती किनाऱ्यावर फेकून मरू द्यायची होती. तीन जणांनी ठराव व्हायची वाटही बघितली नव्हती. नावा पाण्यात उतरवायच्या सार्वजनिक उतारावर तीन मस्की कालपासून फुगत पडल्या होत्या. माशा त्यांच्या तोंडातून आत जात होत्या आणि कल्ल्यांतून बाहेर येत होत्या. आयलाला तो वास ओसरीपर्यंत येत होता.

“काका, बास दाखवले तर?”

“किती?”

“किती हवेत?”

ऑर्व्हिलनी तिच्याकडे बघितलं. माणूस खडूस होता, पण खोटा नव्हता. “तीस. जिवंत. टाकीत, सगळ्यांसमोर. तीस दाखव, अर्ज मी माझ्या हाताने फाडतो. आणि...” त्यांनी रेमंडकडे न बघता टोपी उचलली. “आणि जे कबूल करायचं ते करतो.”

ते गेल्यावर रेमंड बराच वेळ लोण्याची सुरी पुसत राहिले. “नाही मिळाले तरी चालेल गं. हे सगळं विकू. सुपिरियर शहरात तुझी आत्या आहे, तिथे एखादी खोली बघू.”

“बाबा, तुमचं चुकलं नव्हतं.”

“चुकलं नव्हतं हे मला माहीत आहे. पण बारा वर्षं ओसरीवर बसून हे एकट्याने माहीत असण्याचा कंटाळा येतो.”

३

बुधवारी एकही बास मिळाला नाही. गुरुवारी दुपारपर्यंतही नाही. धक्क्यांखाली, पडक्या झाडांत, कमळांच्या पानांखाली कुठेच नाही. आयलाने पाण्यात तोंड घालून बघितलं. तळ दिसत होता आणि तळावर काही नव्हतं. गोगलगाईसुद्धा नव्हत्या. दगड धुवून मांडल्यासारखे स्वच्छ होते.

तलावाच्या उत्तरेला लव्हाळ्यांच्या खाडीत नीगार्ड कुटुंबाचं बंद नावघर होतं. म्हातारा-म्हातारी वारल्यापासून तिकडे कुणी फिरकत नसे. गुरुवारी साडेतीनला, भर उन्हात, आयला जमिनीच्या बाजूने तिथे गेली आणि तिने दाराची खिट्टी काढली.

आधी आवाज आला. ओलं फडकं ओल्या फडक्यावर घासावं तसा, न थांबणारा, दबका. मग वास. मासळीचा वास तिच्या ओळखीचा होता. हा वास गर्दीचा होता, बंद खोलीत खूप अंगं एकमेकांना चिकटून बसल्यावर येतो तसा.

नावघराच्या दोन्ही कडेला फळ्यांची वाट होती आणि मधे नाव आत घ्यायला पाण्याची खाच. तलावाकडून ती खाच खोल सुरू व्हायची आणि आतल्या टोकाला उथळ होत होत चिखलात संपायची. त्या चिखलाच्या टोकाला बास होते.

शंभर असतील, दोनशे असतील. एकमेकांवर रचल्यासारखे, घोट्याएवढ्या पाण्यात, पाठी उघड्या हवेत. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, जमिनीकडे. पुढच्या रांगेतल्या माशांनी चिखलात तोंड खुपसलं होतं आणि मागचे त्यांच्यावर चढत होते. घासण्याचा आवाज त्यांच्या अंगांचा होता. त्यांच्या नाकांनी चिखलात वीत-वीत खोल भोकं पडली होती, आणि त्या भोकांतून मुंग्या बाहेर येत होत्या आणि थेट त्यांच्या तोंडात जात होत्या.

आयलाच्या छातीत आनंद उसळला. मिळाले! तीस काय, पाच पट मिळाले!

मग तिचे डोळे अंधाराला सरावले आणि बासच्या मधे आडवी पडलेली लांब अंगं दिसली. मस्की. एक, तीन, सहा. बदकासारखी चपटी तोंडं बासच्या कुशीत खुपसून, त्यांच्यासारखीच चिखलाकडे. एका मस्कीच्या जबड्याला लागून वीतभर बास पडला होता. मस्की तोंड उघडत होती, मिटत होती. तिला तो बास दिसतही नव्हता.

आयला वाकली आणि तिने त्या मस्कीच्या पाठीवरून बोट फिरवलं.

कच्च.

ती बाहेर पळाली आणि लव्हाळ्यांत तिने दुपारचं सगळं जेवण ओकून टाकलं. त्यात चाळण्यासारखं काय आहे हे बघायची तिला आयुष्यात पहिल्यांदा इच्छा झाली नाही.

४

तासाभराने ती वडिलांना घेऊन परत आली. एवढ्या वेळात तिची बुद्धी जाग्यावर आली होती. प्राणवायू कमी पडला असेल. तिने मापक खाचेत सोडलं, बाहेर तलावातही सोडलं. दोन्हीकडे प्राणवायू भरपूर होता. पाणीही गार होतं.

“मग आजार असणार,” ती म्हणाली. “त्वचेचा. एखादा परजीवी. त्याने अंगावरचा थर जातो, मासा सैरभैर होतो. बाबा, याहून चांगला पुरावा मागूनही मिळाला नसता. मस्कीच्या तोंडाशी बास पडलाय आणि ती त्याला खात नाहीये!”

रेमंड दारातच उभे होते. या तलावाकाठी त्यांचा जन्म गेला होता. ते माशांकडे बघत नव्हते, माशांच्या शेपट्या जिकडे होत्या तिकडे बघत होते. तलावाकडची दोन लाकडी दारं बंद होती. त्यांच्या खाली हातभर फट होती आणि फटीतून हिरवा उजेड येत होता.

“ती शिकारीला आलेली नाही गं,” ते हळूच म्हणाले. “तीही पलंगाखाली आली आहे.”

“कुणाला भिऊन? या तलावात मस्कीहून मोठं काही नाही. मी नकाशे बघितलेत, जाळ्यांच्या नोंदी बघितल्यात...”

“हो.”

“मग?”

“मग काही नाही. तू शिकलेली आहेस.” त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. “आयला, यांना इथेच राहू दे. सभेला फोटो दाखव.”

“फोटोवर कोण विश्वास ठेवणार? ऑर्व्हिलकाका म्हणतील दुसऱ्या तलावाचा आहे. जिवंत तीस हवेत.”

रेमंडनी वाद घातला नाही. त्यांच्या गप्प बसण्याचा तिला राग आला. हीच सवय, या किनाऱ्याची. समजत नसेल त्याच्यापुढे टोपी काढून उभं राहायचं. यासाठीच ती परत आली होती, इथे कुणीतरी नीट बघावं म्हणून. ती तरातरा फळ्यांवरून चालत तलावाकडच्या दारांपाशी गेली आणि दार उघडून बाहेर काही नाही हे दाखवायला तिने दारावर तळहात टेकला.

हात मनगटापर्यंत आत गेला.

दाराच्या आतल्या बाजूला, फटीपासून थेट तिच्या कमरेपर्यंत, भाताच्या पेजेसारखा दाट, पांढरट थर होता. त्यात खवले होते, हजारो, ओळीने चिकटलेले. हात काढताना तो तुटला नाही, तारेसारखा लांब होत आला. आणि तो कोमट होता.

तिने हात नाकाशी नेला. सवयच तशी होती. मासळीचा वास आला नाही. शेवाळाचाही नाही. सकाळी झोपेतून उठल्यावर, दात घासण्याआधी, माणसाच्या तोंडाला जो वास येतो तो होता.

५

शुक्रवारी संध्याकाळी लोइसच्या बारमध्ये अख्खा किनारा तळलेली मासळी खायला जमतो. तिथे गेलं नाही तर लोक मेलं म्हणून समजतात. आयला गेली. तिच्यापुढे लोइसने ताट ठेवलं. पिठात घोळलेले मोठमोठे तुकडे, बाजूला कोबीची कोशिंबीर. तुकड्यावरचं पीठ बाजूला झालं आणि आतलं पांढरं, लिबलिबीत मांस दिसलं. तिने काटा खाली ठेवला.

“का गं, परदेशी झालीस का तिकडे जाऊन? आमची मासळी चालत नाही?” लोइस म्हणाली. साठीची बाई, आवाज ट्रकच्या भोंग्यासारखा.

“पोट बरं नाही, मावशी.”

“पोट नाही, सभेची धास्ती आहे ती. खा! बरं, तू शिकलेली आहेस तर मला एक सांग. माझ्या धक्क्याच्या शिडीला रोज सकाळी काहीतरी फासलेलं असतं. शेंबडासारखं. मी गरम पाण्याने धुते, दुसऱ्या दिवशी परत. आधी एक पायरी होती, आता पाच झाल्या. वर वर येतंय.”

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, “लोइस, आम्ही जेवतोय!”

“तुम्हाला काय, जेवा ना! तुम्हाला कसली किळस, बायकोच्या हातचं रोज खाताच की.” बार हसला. लोइस वाकली. “काय असतं गं ते?”

“पाण्यात जेलीसारखे प्राणी होतात, वसाहत करून राहतात,” आयला म्हणाली. “पाणी स्वच्छ असल्याचं लक्षण आहे.”

हे खरं होतं. असे प्राणी असतात. ते शिड्या चढत नाहीत, हेही खरं होतं, पण लोइसने ते विचारलं नव्हतं.

त्याआधी दुपारीच तिने तीस बास वेचले होते. वेचावेच लागले, गळाची गरज नव्हती. उचलला तरी मासा शेपटी हलवत नव्हता. मऊ पोट, लख्ख पाठ, मिटमिट करणारं तोंड. प्रत्येक मासा हातात घेताना ती दात आवळून आकडा मोठ्याने म्हणत होती. टबात ठेवल्यावर तीसच्या तीस एका बाजूला झाले, तलावाकडे शेपट्या आणि जमिनीकडे तोंडं. तिने टब अर्धा फिरवला. सगळे वळले आणि पुन्हा जमिनीकडे तोंड करून राहिले. तिने टब पुन्हा फिरवला. असं सात वेळा. सातही वेळा तिने वहीत टिपून ठेवलं, वेळेसकट.

मग तिने ते पान वाचलं. आजारी मासा असं करत नाही. आजारी मासा वाटेल तिकडे वळतो. हे पान सभेत वाचलं तर पहिला प्रश्न तिने नावघरात वडिलांना विचारला होता तोच येणार होता, कुणाला भिऊन, आणि त्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलेला पुरावा ऑर्व्हिलकाका दोन मिनिटांत उडवतील. मस्की किनाऱ्यावर फुगत पडतील. बाबा सुपिरियरच्या खोलीत जातील.

सभा झाली की हे सगळं लिहू, नीट लिहू, असं तिने स्वतःला सांगितलं. पान फाडलं, चुरगळलं आणि खिशात टाकलं.

६

शनिवारी उतारावर साठेक माणसं जमली. खुर्च्या, थंड पेयांच्या पेट्या, कुत्री. फुगलेल्या मस्की कुणीतरी फावड्याने बाजूला सारल्या होत्या, तरी वास होताच. काचेची टाकी टेबलावर होती. तीस बास तिच्या एका काचेला तोंड दाबून बसले होते.

आयला वीस मिनिटं बोलली. तिला बोलता यायचं. मोठ्या माशाने छोट्याला संपवलं नाही, त्याला जागा बदलायला लावलं. आपण जागा बदलली नाही. आपण मेलेल्या माणसांच्या खुणांवर गळ टाकत बसलो आणि ज्या माणसाने हा तलाव जिवंत ठेवायला सही केली त्याला बारा वर्षं वाळीत टाकलं. तिचा आवाज चढला, डोळे भरले. हे सगळं ती मनापासून बोलत होती. ज्या नावघरात बास आणि मस्की शेजारी पडले होते त्याचे फोटो हातोहात फिरले.

“एकमेकांच्या कुशीत!” लोइस ओरडली. “माझ्या नवऱ्याने शिकावं जरा!”

ऑर्व्हिल उठले. टाकीजवळ गेले, चष्मा लावून एकेक मासा मोजला. तीस. त्यांनी अर्ज खिशातून काढला, उभा फाडला, आडवा फाडला. टाळ्या झाल्या. मग ते वळले, चार पावलं चालले आणि गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघून म्हणाले, “रेमंड.”

गर्दी बाजूला झाली.

“रेमंड, मी गाढव आहे.”

“सांगायची गरज नव्हती,” रेमंड म्हणाले. “ओसरीवरून दिसायचं.”

हशा झाला. दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून उभे राहिले. आयलाने तोंड फिरवलं, कारण ती रडत होती.

“चला,” ऑर्व्हिल मोठ्याने म्हणाले, “पाहुण्यांना घरी सोडायचं!”

इथली ही रीत. मासा मोजला, फोटो काढला की सगळ्यांच्या देखत खोल पाण्याशी सोडायचा, दोन्ही हातांत आडवा धरून, तो आपण होऊन निघेपर्यंत. घाई करायची नाही. निघेपर्यंत हात पाण्यातच ठेवायचे. आयलाने ही रीत मनात धरली नव्हती. टाकी गाडीत घालून ती मासे परत नावघरात नेणार होती.

“काका, मी नेते ना...”

“अगं, तीस माणसं, तीस मासे! एकेकाने एकेक!”

माणसं आधीच रांगेत होती. लांब लाकडी धक्क्यावर, टोकापासून किनाऱ्यापर्यंत, ती ओळीने गुडघ्यांवर बसली. एकेक बास हातोहात पुढे गेला. टाकीतून निघालेला मासा पाण्याच्या दिशेने जाऊ लागला की उसळायचा. शेपट्या माणसांच्या तोंडावर बसत होत्या आणि लोक खिदळत होते. शेवटचा मासा ऑर्व्हिलनी रेमंडच्या हातात दिला.

रेमंडनी तो घेतला. त्यांनी आयलाकडे बघितलं. मग पाण्याकडे बघितलं.

सगळा किनारा त्यांच्याकडे हसून बघत होता. आयलाने मान हलवली. हो.

ते किनाऱ्याच्या बाजूला, रांगेत सगळ्यात शेवटी, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातले.

“माझा जातच नाहीये!” कुणीतरी म्हणालं. “माझाही! बाहीत शिरतोय गाढव!” तीस बास तीस माणसांच्या तळहातांत तोंडं खुपसत होते. “लाडावलेत,” लोइस टोकावरून ओरडली. ती सगळ्यात पुढे होती, खोल पाण्यापाशी. “चल, जा रे बाबा, घरी...” आणि मग ती एकदम खिदळली. लहान मुलीसारखी. “अगंबाई! गुदगुल्या!”

तिच्या शेजारचा माणूस खिदळला. मग त्याच्या शेजारची बाई.

आयला टाकीपाशी उभी होती. तिने बघितलं की हसू रांगेतून क्रमाने येत होतं. एक झाला की पुढचा. ज्याचं हसून झालं त्याच्या हातात मासा नव्हता, पण तो हात बाहेर काढत नव्हता. तोंड अर्धं उघडं ठेवून तो पाण्याकडे बघत बसत होता, कुरवाळून घेत असल्यासारखा. कुणी म्हणालं, “पाणी कसं कोमट आहे ना इथे.” ऊन आहे, तिची बुद्धी म्हणाली. उथळ आहे. ऊन आहे.

सात. आठ. नऊ.

तिने धक्क्याच्या फळ्यांकडे बघितलं. फळ्यांमधे बोटभर फटी असतात आणि त्यांतून खालचं पाणी चकाकताना दिसतं. टोकाकडच्या फटींतून पाणी चकाकत नव्हतं. मळताना कणीक बोटांतून वर यावी तसं काहीतरी फिकट, ओलसर, त्या फटींतून वर फुगत होतं आणि खाली बसत होतं. फुगायचं, बसायचं. हसणारा माणूस जिथे होता तिथवर ते आलं होतं. त्याच्या मागचा सगळा धक्का खालून भरला होता.

ओरडायला हवं. ती ओरडली असती तर तिला सांगावं लागलं असतं की मासे पळून आले होते. कशापासून, ते सांगावं लागलं असतं. आणि फाडलेल्या पानाचं. ऑर्व्हिलनी वळून विचारलं, “काय गं, काही म्हणालीस?” त्यांचा एक हात रेमंडच्या खांद्यावर होता.

बावीस. तेवीस.

“नाही,” ती म्हणाली. “काही नाही, काका.”

नीट बघूया, तिला वाटलं. अजून एक क्षण नीट बघूया, म्हणजे खात्री होईल.

रेमंडच्या शेजारची बाई खिदळली. रेमंडच्या हातातला बास तडफडून पाण्याबाहेर उडाला, फळ्यांवर पडला आणि शेपटी आपटत, पोटावर घसरत, जमिनीच्या दिशेने निघाला. रेमंडनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते आपल्या बुडालेल्या हातांकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू, सुरकुत्या उलगडाव्यात तसं, एक मोठं, ओलं, प्रसन्न हसू पसरत होतं.